हुंडणावळीचा हिशेब आपल्यालाही यायला हवा

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकले की घरीदारी, बसमध्ये, लग्नकार्यात एकच प्रश्न कानी येऊ लागतो, "पुढे काय?" या प्रश्नाची काही उत्तरे वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. बँकेची परीक्षा, सरकारी खात्यातली कारकुनी, सी. ए., आणि अभ्यासाची आवड असलीच तर एम. कॉम. करून प्राध्यापकी. अलीकडे या यादीत एका भारदस्त नावाची भर पडली आहे. ते नाव म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्त, अर्थात 'इंटरनॅशनल फायनान्स'. कोणी हा विषय एम. कॉम.ला घ्यावा म्हणतो, कोणी एम. बी. ए.ला, तर कोणी सरळ लंडन-डब्लिनला जाऊन याच नावाची पदवी आणावी असे सुचवतो.

या विषयाबद्दल आपल्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा विषय मुंबईच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा. पेडण्या-डिचोलीच्या मराठी शाळांतून आलेल्यांनी आपली पायरी ओळखून राहावे. दुसरे मत असे की, या विषयाची परदेशी पदवी मिळाली म्हणजे नशीब उघडले. त्यासाठी राहते घर गहाण पडले तरी हरकत नाही. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि चुकीचे मूळही एकच आहे. हा विषय कुठेतरी दूर, काचेच्या उंच इमारतींत राहतो अशी दोन्ही पक्षांची समजूत आहे. वास्तविक तो आपल्या तालुक्यांत गेली सत्तर वर्षे राहतो आहे. आपण त्याची झळ सोसली, त्याचा फायदाही घेतला. त्याचा हिशेब मात्र शिकलो नाही. तो शिकावा, पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकावा, आणि त्याची सुरुवात आपल्या घराजवळच्या उदाहरणांपासून करावी, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

प्रथम हा विषय आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. एका देशातला माल, माणूस किंवा पैसा दुसऱ्या देशात गेला की दोन चलनांची गाठ पडते. या चलनांचा दर कसा ठरतो, तो का बदलतो, बदलला तर कोणाचे नुकसान होते, ते नुकसान आधीच कसे आवरता येते, देशाकडे परकीय चलन किती येते आणि किती जाते, परदेशातून घेतलेले कर्ज कसे फेडायचे, आणि या सगळ्यावर कायद्याची देखरेख कशी असते, हे सर्व या विषयात येते. आपल्याकडे ही देखरेख पूर्वी १९७३ च्या 'फेरा' कायद्याने होत असे. १ जून २००० पासून त्याची जागा 'फेमा'ने घेतली. पदवीच्या वर्गात या गोष्टींची तोंडओळख होते. पदव्युत्तर वर्गात त्यांचे गणित आणि त्यांचा इतिहास शिकावा लागतो. एवढे कळले की विषयाची निम्मी भीती कमी होते.

आता डिचोलीकडे वळू. आमचे अप्पा गदगकडून डिचोलीला आले ते खाणीवर ट्रक चालवण्यासाठी. त्यांच्यासारखी शेकडो माणसे कर्नाटकातून आली आणि इथलीच झाली. या सगळ्यांना खेपेचे पैसे रुपयांत मिळत. पण ट्रकमधल्या खनिजाचा भाव मात्र डॉलरमध्ये ठरत असे, आणि तो डिचोलीत ठरत नसे. १९५० च्या दशकाच्या आरंभी, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाच, जपानने इथल्या लोहखनिजाकडे लक्ष वळवले. युद्धाने मोडलेले पोलादाचे कारखाने त्यांना पुन्हा उभे करायचे होते. त्यांनी यंत्रसामग्री उधारीने दिली आणि तिची फेड खनिजाच्या रूपाने करून घेतली. आज पदव्युत्तर पुस्तकांत मालाने फेडायच्या कर्जावर स्वतंत्र प्रकरण असते. आपल्या आजोबांच्या पिढीने ते प्रकरण प्रत्यक्षात पाहिले आहे.

पुढे कित्येक वर्षे लोहखनिजाचा भाव पोलाद कारखाने आणि मोठे खाणमालक यांच्या वाटाघाटीतून वर्षातून एकदा ठरत असे. २०१० च्या सुमारास ही पद्धत मोडली आणि भाव रोजच्या बाजाराप्रमाणे हलू लागला. तोपर्यंत चीन हा मोठा गिऱ्हाईक झाला होता. बाजारात जो भाव सांगितला जाई तो ६२ टक्के लोह असलेल्या खनिजाचा. गोव्याचे बरेचसे खनिज ५८ टक्क्यांच्याही खालचे, म्हणून त्याला भाव कमी. तरीही मागणी इतकी होती की २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले.

यात हुंडणावळीचा, म्हणजे विनिमय दराचा, भाग किती मोठा असतो ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, खनिजाचा भाव टनाला ५० डॉलर आहे. डॉलरला ४५ रुपये दर असेल तर निर्यातदाराच्या हाती २,२५० रुपये पडतात. दर ५५ झाला तर २,७५० रुपये. खनिज तेच, भाव तोच, जहाजही तेच. फरक टनाला ५०० रुपयांचा. हे आकडे हवेतले नाहीत. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता आणि वर्षभरात तो ५५ च्या वर गेला. आता विचारण्याजोगा प्रश्न असा की, या ५०० रुपयांतले ट्रकवाल्याच्या वाट्याला किती आले? त्याच्या खेपेचा दर डॉलरशी बांधलेला नव्हता. डिझेल मात्र डॉलरने विकत घेतलेल्या तेलाचे होते. म्हणजे रुपया घसरला की एकाची मिळकत वाढे आणि दुसऱ्याचा खर्च.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने मर्यादित उत्खननाची वाट मोकळी केली. परंतु २०१५ च्या डिसेंबरपर्यंत जगाच्या बाजारात लोहखनिज टनाला ४० डॉलरच्या खाली आले होते. अशा भावात हलक्या प्रतीचे खनिज काढणे कोणाला परवडणार? पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकचा लिलाव २०२२ च्या डिसेंबरात झाला आणि उत्खनन सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. बंदीची कारणे कायद्याची आणि पर्यावरणाची होती, आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. ट्रकचे कर्ज रुपयांत आणि ठरावीक हप्त्याचे, तर त्या ट्रकची मिळकत चीनमधल्या पोलादावर, डॉलरवर आणि निर्यात करावर अवलंबून. हा कर २०२२ च्या मे महिन्यात एकदम ५० टक्क्यांवर नेला गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हलक्या प्रतीच्या खनिजावरचा पुन्हा काढूनही घेतला गेला. इतकी मोठी जोखीम गावागावांतल्या माणसांनी अंगावर घेतली, आणि ती त्यांना कर्ज घेताना कोणी समजावून सांगितली नाही. समजावून सांगणारी शिकलेली मुले गावात नव्हती. असती तर खाणी बंद पडणे टळले नसते हे खरे, पण दोन ट्रकांच्या जागी एकच घ्यावा एवढा सल्ला तरी कोणी दिला असता.

डिचोलीत खनिज, तसे पेडण्यात पाहुणे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांत रशियन पाहुण्यांची इतकी वर्दळ झाली की मोरजीला लोक 'छोटा रशिया' म्हणू लागले. घरोघरी दोन-चार खोल्या वाढवून भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. २०१४ च्या जूनमध्ये एका रूबलला साधारण पावणेदोन रुपये पडत. तेलाचे भाव कोसळले, युक्रेनच्या प्रश्नावरून रशियावर निर्बंध आले, आणि २०१५ च्या जानेवारीत रूबल आणि रुपया जवळपास एकास एक झाले. म्हणजे हजार रुपयांची खोली जी रशियन माणसाला ५७० रूबलच्या आसपास पडत होती, तिला आता जवळजवळ हजार रूबल मोजावे लागणार. मोरजीच्या घरमालकाने भाडे एका पैशानेही वाढवले नव्हते, तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्याची खोली पाऊणपट महाग झाली. त्या हंगामात पाहुणे कमी का आले याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. पुन्हा २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर मार्च महिन्यात व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातले काम थांबवले, आणि रशियन बँकांची त्यांची कार्डे देशाबाहेर चालेनाशी झाली. खिशात पैसे असूनही ते देता येऊ नयेत, असा हा प्रकार. पैसा एका देशातून दुसऱ्या देशात कोणत्या वाटेने जातो आणि त्या वाटेचे फाटक कोणाच्या हाती असते, हा आंतरराष्ट्रीय वित्तातला अगदी आजचा प्रश्न आहे.

आता पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ झाला आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यासाठी गेलेल्या जमिनींबद्दल आणि नोकऱ्यांबद्दल गावांत आजही चर्चा चालते. तिथल्या नोकऱ्या म्हणजे सामान उचलणे, गाड्या लावणे आणि सफाई करणे एवढेच आपण धरून चाललो, तर चलन बदलणाऱ्या काउंटरच्या आतल्या बाजूला, मालवाहतुकीच्या कचेरीत आणि हिशेब तपासणाऱ्यांत आपली मुले दिसणार नाहीत. विमानतळ तालुक्यात येणे वेगळे आणि त्यातला व्यवहार तालुक्याला कळणे वेगळे.

याहून जुनी आठवणही सांगण्यासारखी आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात पोर्तुगीज एस्कुदो चालत असे. सहा एस्कुदोंचा एक रुपया. 'बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो' या पोर्तुगीज बँकेत इथल्या कुटुंबांनी दागिने तारण ठेवले होते. १९६१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या तोंडावर, ते लिस्बनला नेण्यात आले. भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध १९७४ च्या अखेरच्या कराराने सुधारले, तरी दागिने परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! दागिना आपला, पण तो ज्या पेढीत ठेवला तिची मालकी कोणत्या देशाची आणि तिच्यावर कायदा कोणाचा, हा प्रश्न गहाण ठेवताना कोणाच्या मनात आला असेल? योगायोग असा की, त्याच १९९१ साली परकीय चलनाच्या टंचाईमुळे आपल्या रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. घराचा आणि देशाचा प्रपंच किती सारखा असतो, हे यावरून दिसते.

हा विषय आपल्या माणसांनी पूर्वी कसा शिकला, याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आणखी एका कारणासाठी ओळखायला हवे. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राची प्राध्यापकी केली, पगारातून पैसे शिल्लक टाकले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली ती 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर. विषय कोणता, तर रुपया आणि त्याची हुंडणावळ.

त्यांनी विषय निवडला तो काळही पाहण्यासारखा आहे. १९२० साली इंग्रज सरकारने रुपया दोन शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो लवकरच फसला. ज्या रुपयाची अशी ओढाताण चालू होती, त्याच रुपयाचा अभ्यास एक भारतीय विद्यार्थी लंडनमध्ये बसून करत होता. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, म्हणून तो स्वस्त असावा, असे व्यापारी म्हणत. आंबेडकरांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून चढते. तेव्हा व्यापाऱ्याचा हा फायदा पगारदार आणि मजूर यांच्या खिशातून येतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी साक्षही दिली. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आणि वर सांगितलेला टनामागचा ५०० रुपयांचा प्रश्न यांत मला तरी काही फरक दिसत नाही. ते शिकायला परदेशी गेले, पण प्रश्न मात्र इथला घेऊन गेले. आपल्याला त्यांची बुद्धी नसेल, पण प्रश्न निवडण्याची त्यांची रीत घेता येईल.

इथे परदेशी पदवीचा मुद्दा येतो. परदेशी शिकायला जाऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु जायचे असेल तर ज्या विषयाची पदवी घ्यायची त्याचा पहिला प्रश्न कर्जाच्या अर्जावरच सोडवून पाहावा. समजा, शुल्क प्रत्येकी २०,००० डॉलरच्या दोन हप्त्यांत भरायचे आहे. २०२२ च्या जानेवारीत डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. पहिला हप्ता १५ लाखांचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॉलरने ८३ ची रेघ ओलांडली. त्या दराने दुसरा हप्ता १६ लाख ६० हजारांचा. शुल्क एका सेंटनेही न वाढता १ लाख ६० हजार रुपये जास्त, आणि त्यावर व्याज वेगळे. नोकरी परदेशात लागली आणि मिळकत डॉलरमध्ये झाली तर हीच घसरण फेडीच्या वेळी आपल्या बाजूने काम करते. परत येऊन रुपयांत पगार घ्यावा लागला तर मात्र ती उरावर बसते. शिवाय शिक्षण संपल्यावर तिथे कामाचा परवाना किती दिवस मिळेल, हे त्या देशाचे सरकार ठरवते आणि बदलतेही. म्हणजे असे कर्ज ही शिक्षणाची तरतूद असतेच, पण ती चलनावर लावलेली पैजही असते. दलालांच्या रंगीत पत्रकांत ही गोष्ट छापलेली नसते.

घर गहाण ठेवण्यापूर्वी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिची चौकशी करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे दोन कोष्टके मांडावीत. रुपया आहे तिथे राहिला तर काय, आणि दहा टक्क्यांनी घसरला तर काय. दोन्ही कोष्टके पाहून घरचे 'जा' म्हणाले तर खुशाल जावे. दुरून डोंगर साजरे दिसतात, म्हणून डोंगर चढूच नये असे नाही; चढ किती आहे ते आधी पाहावे.

आता भाषेविषयी. माझ्या घरी कन्नड, शाळा मराठी, गल्लीत कोंकणी आणि महाविद्यालयात इंग्रजी. माझ्यासारखे अनेकजण या वर्गात आहेत. 'फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट' किंवा 'साइट बिल' असा शब्द फळ्यावर आला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माना खाली जातात. गंमत अशी की, या वस्तू आपल्या भाषेला नव्या नाहीत. साइट बिल म्हणजे दर्शनी हुंडी. दाखवली की पैसे द्यायचे. मुदतीनंतर पैसे द्यायचे ती मुदती हुंडी. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने देण्याघेण्याचा करार तो वायदा. वायदेबाजार हा शब्द तर वर्तमानपत्रात रोज येतो. बट्टा, तारण, हमी, पेढी, सराफ हे सगळे शब्द आपल्या पणज्यांना ठाऊक होते. खुद्द हुंडणावळ हा शब्द हुंडीच्या पोटातून आला आहे. आणि पुस्तकी मराठीत आपण जो 'विनिमय दर' म्हणतो, तोच शब्द कन्नडमध्येही आहे. या अंकाच्या मराठी आणि कन्नड विभागांतले वाचक निदान या एका शब्दापाशी एकमेकांना भेटतील.

यावर असे म्हटले जाते की, या विषयाचा जगातला व्यवहार इंग्रजीत चालतो, तेव्हा मराठी-कन्नडचा आग्रह धरून मुलांचे नुकसान करू नये. हे म्हणणे अर्धे खरे आहे. करारपत्र इंग्रजीत असते, परीक्षा इंग्रजीत असते, मुलाखतही इंग्रजीत होते. म्हणून इंग्रजी आलेच पाहिजे, त्यात सवलत नको. पण समजणे ही एक पायरी आहे आणि सांगता येणे ही दुसरी. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारणाऱ्या विद्यार्थ्याला व्याख्या पाठ असते आणि गणित सुटत नाही. आमच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, नवी संकल्पना आली की पाच मिनिटे ती आमच्या भाषेत आणि आमच्या उदाहरणाने सांगावी. नंतरचा तास खुशाल इंग्रजीत घ्यावा. पाच मिनिटांनी अभ्यासक्रम मागे पडणार नाही.

आणखी काही सूचना कराव्याशा वाटतात. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय शोधताना आपल्याकडे मोठ्या शेअरबाजारांचे आकडे जुळवण्याची प्रथा आहे. ते आकडे जगभरचे विद्यार्थी जुळवत असतात. त्याऐवजी हरमलच्या खोलीमालकांनी रूबलच्या घसरणीनंतर काय केले. जहाजावर जाणारे आपले तारवटी घरी पैसे कोणत्या मार्गाने पाठवतात आणि वाटेत किती कापले जातात. काजूचे कारखाने आफ्रिकेतून कच्ची बी मागवतात, तेव्हा डॉलर चढल्यावर आपल्या बागाईतदाराला बीचा भाव वाढून मिळतो की नाही, असे विषय घ्यावेत. ही माहिती इथे राहणाऱ्यालाच मिळेल. लंडनच्या विद्यापीठातला विद्यार्थी ती आणू शकणार नाही. मुरगाव बंदराला आणि एखाद्या बँकेच्या परकीय चलन विभागाला वर्षातून एकदा तरी भेट ठेवावी. लेटर ऑफ क्रेडिटचा खरा कागद एकदा हातात धरला की पुस्तकातली चार पाने आपोआप कळतात. आणि सूचनाफलकाच्या एका कोपऱ्यात डॉलर, पौंड, युरो व येन यांचा रोजचा संदर्भदर लिहावा. तो दर कामाच्या दिवशी जाहीर होतो आणि लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो. महिनाभर रोज पाहिला की दर का हलला, असा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारू लागतील.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द सांगते. हा विषय घेतला म्हणजे नोकरी पदरात पडली असे कोणी समजू नये. गोव्यात परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखा मोजक्या आहेत. निर्यात करणारे कारखाने, औषध कंपन्या, जहाजांची कागदपत्रे करणाऱ्या कचेऱ्या आणि विमानतळ यांत जागा निघतात, पण त्याही मोजक्याच. त्या जागांसाठी सांख्यिकी आणि गणित पक्के लागते, आणि तिथेच आपण वाणिज्यवाले कच्चे असतो. तेव्हा विषयाच्या नावाला भुलून प्रवेश घेण्यापेक्षा या उन्हाळ्यात टक्केवारी, चक्रवाढ व्याज आणि कोष्टके यांची उजळणी केलेली बरी.

परंतु नोकरी हा एकच हिशेब धरला तरी चुकेल. आपल्या तालुक्यांतून खनिज गेले, माणसे जहाजांवर गेली, पाहुणे आले, आता विमाने येत आहेत. या प्रत्येक व्यवहारात भाव दुसऱ्याने ठरवला आणि आपण तो घेतला. जगाचा बाजार मोठा आहे. त्यात डिचोलीचे किंवा पेडण्याचे म्हणणे चालेल, अशी वेडी आशा मी करत नाही. पण पुढच्या वेळी गावात कोणी ट्रकसाठी, खोल्यांसाठी किंवा मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी कर्जाच्या कागदावर सही करायला निघाला, तर त्याच्या शेजारी बसून "थांबा काका, आधी दोन कोष्टके मांडू या" असे म्हणणारा एखादा एम. कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावात असावी, एवढी अपेक्षा तरी अवाजवी म्हणता येणार नाही. ते काम आपल्यापैकीच कोणाला तरी करावे लागेल, आणि त्यासाठी या विषयाचे पुस्तक उघडावे लागेल.